कोय शेतातच लावा: आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

सोलापूर म्हटलं की फळबागवाल्यांच्या डोळ्यांपुढे आधी डाळिंब येतं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. पण पाणी बेताचं आणि जमीन मुरमाड असेल, तर आंबा एकदा मुळावला की पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. आमचा धंदा याच भरवशावर चालतो.

वडिलांनी सुरुवात केली ती पिशवीतल्या कलमांनी. खाली रायवळचं, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावरान आंब्याचं रोप, वर केशर आंब्याची काडी. कलम का करायचं, हे आजही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागतं. आंब्याच्या मोहरावर माश्या-कीटक फिरतात, एका झाडाचा पराग दुसऱ्यावर जातो. त्यामुळे केशरची कोय लावली म्हणून केशरच येईल याची खात्री नाही. काडी मात्र मूळ झाडाचाच तुकडा, तिच्यात बदल होत नाही. केशर हा जुनागडचा, गिरनारच्या पायथ्याचा आंबा. १९३४ साली तिथल्या नवाबानं त्याला हे नाव दिलं. आपल्या हवेला तो मानवतो. हापूस मागायला लोक येतात, पण तो आम्ही विकत नाही. इथल्या तापलेल्या जमिनीची धग लागून फळात साका होण्याची, म्हणजे आतला गर पांढरट, भुसभुशीत होण्याची भीती असते, आणि पाच-सात वर्षं झाड जोपासून शेतकऱ्याच्या हाती ते यावं, हे आमच्या मनाला पटत नाही.

धंद्याला खरं वळण लागलं ते मुळांमुळे. पिशवी फाडून पाहिली की सोटमूळ तळाशी गोल वळलेलं दिसायचं. ठिबक असलेल्या बागेत ते खपून जातं. कोरडवाहू रानात मात्र झाडाचा सगळा जीव त्या सोटमुळावर असतो. म्हणून आम्ही जागेवर कलम, म्हणजे रानातच कोय लावून उगवलेल्या रोपावर तिथंच कलम, करून द्यायला लागलो. कृषी विद्यापीठांनी कोरडवाहू भागासाठी ही पद्धत आधीच सांगितलेली होती; आम्ही ती बांधावर नेली.

उन्हाळ्यात मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा, शेणखत-मातीनं भरायचा. मृगाचा पाऊस झाला की त्यात तीन-चार ताज्या कोया लावायच्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सोटमूळ सरळ खाली उतरलेलं असतं. मग आमचा कारागीर रानात येतो. तांबूस, कोवळ्या फुटीचा शेंडा छाटतो, मधोमध चीर देतो. काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच काढलेली असतात, त्यामुळे तिचा डोळा टपोरा झालेला असतो. ती पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची, सालीला साल जुळवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. वर पिशवीची टोपी, कारण इथली कोरडी हवा काडी सुकवते. जोडाखालचा प्रत्येक फुटवा खुडायचा. तो राहिला तर रायवळ जोर धरतो आणि केशर मागे पडतो.

कोया हा आमचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. कैरीची कोय चालत नाही, पिकल्या फळाचीच लागते, आणि ती महिनाभरात उगवण गमावते. म्हणून मे-जूनमध्ये आम्ही गावोगाव फिरतो. शेंदऱ्या, गोटी, खोबऱ्या, शेप्या अशा नावांची जुनी झाडं अजून आहेत. लोणच्याला, आंबोशीला, आमसरीला घरोघरी त्यांचीच फळं लागत. आता बाजारात त्यांना भाव नाही, म्हणून झाड लाकडाच्या व्यापाऱ्याला जातं. आम्ही कोयीचे पैसे देतो. रक्कम मोठी नसते, पण दरवर्षी हातात काहीतरी पडतं म्हटल्यावर बरेच जण कुऱ्हाड लांबवतात. ही झाडं गेली तर उद्या कलम बांधायचं कशावर?

यंदा ज्यांना जागेवर कलम करून घ्यायचं आहे, त्यांनी खड्डे एप्रिलमध्येच घेऊन तापू द्यावेत. ५ बाय ५ मीटरवर एकरी साधारण १६० झाडं बसतात; पाणी अगदीच कमी असेल तर १० बाय १० वर ४० लावा. पहिली तीन वर्षं मोहर काढून टाका, कितीही जिवावर आलं तरी. आणि ज्यांच्या बांधावर जुना रायवळ उभा आहे, त्यांनी तोडण्याआधी आम्हाला एकदा कळवावं, आम्ही पाहायला येऊ.