ओटा लाकडाचा की दगडाचा?

मेलबर्नच्या पश्चिमेला आम्ही जुनं विटांचं घर घेतलं, तेव्हा स्वयंपाकघरात लॅमिनेटचा ओटा होता. सिंकपाशी पाणी मुरून आतला भुसा फुगलेला, कडा उचललेल्या. इकडे ओट्याला बेंचटॉप म्हणतात. सांगलीच्या घरी कडाप्प्याचा ओटा होता. तो गवंड्याने आणला आणि बसवला, निवडायचं काही नव्हतंच. इथे मात्र आम्हाला ठरवायला चार महिने लागले.

काही वर्षांपूर्वी हे घर घेतलं असतं तर चार दिवसही लागले नसते. ऑस्ट्रेलियात सगळ्यांकडे असायचा तसा इंजिनिअर्ड स्टोन घेतला असता. म्हणजे दगडाचा चुरा आणि राळ दाबून केलेली फरशी. दिसायला सुंदर, डाग धरत नाही, खिशालाही परवडणारी. पण तिच्यात सिलिकाचं प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. कापताना, घासताना उडणारी धूळ इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात, त्यावर औषध नाही. तिशीतल्या मुलांना चार-पाच वर्षांच्या कामात हा रोग जडू लागला, तेव्हा कामगार संघटना आणि डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला. डिसेंबर २०२३मध्ये निर्णय झाला आणि १ जुलै २०२४पासून ही फरशी बनवणं, विकणं, कापणं, बसवणं बंद. अशी बंदी घालणारा हा जगातला पहिला देश. ज्यांच्या घरात ती आधीच बसवलेली आहे त्यांना नुसत्या वापराने धोका नाही. धोका आहे तो कापणाऱ्याला.

हे वाचताना मला पाटीवरची पेन्सिल आठवली. मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात त्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनाही हाच रोग झाला होता. आपण त्या हातात धरून अ-आ-इ गिरवलं, आणि कुणी सांगितलं नाही. म्हणून या वेळी मी दुकानात भाव विचारायच्या आधी 'कापता कसे?' हे विचारत होते.

मग उरले खरा दगड आणि लाकूड. दुकानांतून संगमरवर, ग्रॅनाइट आणि दोन लाकडांचे हातभर तुकडे मागून आणले आणि आठवडाभर त्यांच्यावर आपला स्वयंपाक केला. संगमरवरावर रात्री लिंबाची फोड पालथी राहिली. सकाळी तिथे पांढरट गोल वण. तो डाग नव्हता. आंबटाने दगडाचं पॉलिशच खाल्लं होतं, पुसून जाण्यातलं नाही. रोजच्या आमटीत चिंच, सोलकढीला कोकम, अशा घरात संगमरवर नको, हे तिथेच ठरलं. ग्रॅनाइटवर फोडणीची तापलेली कढई टेकवली, हळदीचं तेल सांडलं. ओल्या फडक्याने पुसलं, काही राहिलं नाही.

लाकडावर हळद बसली, पिवळीधमक. पण तो तुकडा खिडकीत उन्हाला ठेवला तर तीन दिवसांत डाग जवळजवळ उडाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे आपल्याकडे कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. खरी अडचण बिडाच्या तव्याची निघाली. ओला तवा स्पॉटेड गम या इकडच्या लाकडाच्या तुकड्यावर तासभर राहिला आणि खाली शाईसारखा काळा चंद्र उमटला. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड पाण्यात भेटले की असं होतं.

दुसरा तुकडा पाडलेल्या जुन्या इमारतीच्या तुळईतला, मेसमेट नावाच्या इकडच्या निलगिरीच्या लाकडाचा. त्यावर खिळ्यांची भोकं होती आणि प्रत्येक भोकाभोवती तशीच काळी कड. तव्याने तासाभरात केलं ते खिळ्यांनी कित्येक वर्षं सावकाश केलेलं. मी त्या भोकांवरून बोट फिरवत बसले आणि त्या लाकडाच्या प्रेमातच पडले. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०२४पासून सरकारी रानातली नैसर्गिक झाडं लाकडासाठी तोडणं थांबलंय, त्यामुळे असं जुनं लाकूड वापरणं मला अधिकच पटलं.

तर आम्ही दोन्ही घेतलं. शेगडी आणि सिंकच्या रांगेला काळा ग्रॅनाइट, मधल्या सुट्या ओट्याला मेसमेट. सिंकपाशी लाकूड घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगेन. भोक पाडलेल्या कडेतून पाणी मुरतं आणि ती काळी पडते. लाकूड ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं. म्हणून आमच्या सुताराने खालून स्क्रूसाठी गोल नाही, लांबट भोकं पाडली. वरून लावलं तेवढंच तेल त्याने खालूनही लावलं, नाहीतर फळी एका बाजूने ओढली जाऊन वाकते.

ग्रॅनाइट निघाला आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, काळ्यावर सोनेरी ठिपक्यांचा. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, साधारण पाव ते निम्म्याच्या आत; या काळ्या दगडात त्याहून बरीच कमी, पण कापतानाची धूळ ती धूळच. म्हणून मी कारखान्यात जाऊन उभी राहिले. पात्यावर पाण्याची धार, खाली राखाडी चिखल, कारागिराच्या तोंडावर हवा पुरवणारा मुखवटा. त्याने तो काढून सांगितलं, "पूर्वी आम्ही कोरडंच कापायचो." पुढे काही बोलला नाही, मुखवटा चढवून परत कामाला लागला. सिंकचं भोक घरी आणून नाही, तिथेच पाण्याखाली पाडून द्या, एवढी विनंती मी केली. ते म्हणाले, आम्ही तसंच करतो.

मागच्या आठवड्यात ओटा बसला. लेकीने मेसमेटवर वही उघडली आणि पहिल्यांदा खिळ्याच्या एका भोकात पेन्सिलीचं टोक घालून पाहिलं. तवा आता पुसून, कोरडा करून, ग्रॅनाइटवरच ठेवतो. शनिवारी जवसाच्या तेलाचा तिसरा हात द्यायचाय.