आज कुठवर आलं?

नोव्हेंबरची ९, १० आणि ११ तारीख आली, की आमच्या घरात संध्याकाळी आई हमखास विचारते, "आज किरणं कुठवर आली?" कोल्हापूरबाहेरच्या माणसाला अंबाबाईच्या किरणोत्सवाविषयी सहसा एवढेच ठाऊक असते, की मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. इथल्या माणसाला मात्र मधले टप्पे पाठ असतात : गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन (मूर्तीपुढचा कठडा) आणि मग चरण. ढग आडवे आले, हवेत धूळ वा बाष्प जास्त असले, वाटेत कुणा इमारतीचा कोपरा वाढला, तर किरणे मध्येच विरतात. पण म्हणून 'आज झाले नाही' एवढ्यावर कोणी भागवत नाही. किरणे अमुक उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथे लुप्त झाली, असे मिनिटांच्या हिशोबासह दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येते.

मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात संगणक विभाग सांभाळतो. किरणोत्सवातल्याच एका संध्याकाळी, घरी निघण्याच्या बेतात असताना, माझ्या तरुण सहकाऱ्याने येऊन सांगितले, "सर, तीन मशीन बूट होत नाहीत." दहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, उभ्या करायच्या होत्या, आणि बूट होणे म्हणजे सुरू होऊन कामाला लागणे. त्यांतल्या सात जुन्या सर्व्हरवर विनातक्रार उभ्या राहिल्या होत्या आणि नव्या सर्व्हरवरच्या तीन अडून बसल्या होत्या. 'बूट होत नाहीत' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे, आणि त्याच्याइतके निरुपयोगी वाक्य आमच्या व्यवसायात दुसरे नसेल.

नेटवर्कवरून बूट होणारे मशीन ही मुळात मोठी केविलवाणी गोष्ट असते. त्याच्या डिस्कवर काही नसते, त्याला स्वतःचा पत्ता नसतो, शेजारी कोण आहे हेही माहीत नसते. त्याच्याजवळ असतो तो नेटवर्क कार्डाचा जन्मखुणेसारखा मॅक क्रमांक आणि फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनमध्ये मुळातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, लिहून ठेवलेला एक रिवाज. या रिवाजाला पीएक्सई म्हणतात. इंटेलने त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध केली, आणि आज लाखांच्या सर्व्हरमधले मशीनही जागे होताना त्याच वळणाने बोलते. ते आधी सगळ्यांना उद्देशून हाक मारते : मला पत्ता कोण देईल? डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो, पत्ता देतो, आणि सोबत कोणाकडे जाऊन कोणती फाइल मागायची तेही सांगतो. मग मशीन टीएफटीपी या फाइल आणण्याच्या साध्या रिवाजाने ती फाइल आणते, ती चालवते. ती फाइल कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणते आणि पुढचा संसार सुरू होतो. पहिल्या हाकेला उत्तर आले नाही तर चार सेकंद थांबायचे, मग आठ, मग सोळा, मग बत्तीस, असा त्या विनिर्देशाचा दंडक आहे. म्हणजे जेमतेम एक मिनिटाची चिकाटी. लिनक्सच्या ब्रिजवर, म्हणजे सर्व्हरच्या आत मशीन जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्विचवर, एसटीपी हा संदेशांचे गोल फिरणे टाळणारा रिवाज चालू राहिलेला असेल, तर नव्या जोडणीला वाट मोकळी करून द्यायला तो नेहमीच्या मांडणीत दोन टप्प्यांची पंधरा-पंधरा सेकंदे घेतो, आणि मशीनच्या पहिल्या हाका तोवर बंद दारावर आपटत राहतात.

आमच्या तीन मशीनच्या पडद्यावर 'स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४' ही ओळ उमटत होती, मिनिटभर काहीच घडत नव्हते, आणि मग 'नो व्हॅलिड ऑफर रिसीव्ह्ड' असा निर्वाळा येत होता. सहकाऱ्याने डीएचसीपी सर्व्हर दोनदा बंद-चालू करून पाहिला होता. मला त्याचे नवल वाटले नाही, कारण पडदा 'उत्तर आले नाही' म्हणतो तेव्हा आपण उत्तर देणाऱ्यालाच धरतो. वास्तविक त्या बिचाऱ्या मशीनला आपली हाक कुठवर गेली हे कळण्याचा काही मार्गच नसतो. हाक कोणी ऐकली नाही, ऐकून कोणी बोलले नाही, की बोललेले परत येता येता हरवले, या तिन्ही प्रकारांत त्याच्या पडद्यावर एकच ओळ येते.

तेव्हा वाटेत मध्येच उभे राहून कान द्यायला हवा. त्यासाठी, जाणारे-येणारे संदेश जसेच्या तसे दाखवणाऱ्या टीसीपीडम्पसारखे दुसरे साधन नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. चकचकीत पडद्यांची कितीतरी साधने मी विकत घेतलेली पाहिली आणि धूळ खातानाही पाहिली. नव्या सर्व्हरच्या ब्रिजवर ऐकले, तर ५२:५४:०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची हाक स्पष्ट ऐकू येत होती. केव्हीएम या लिनक्सच्या सोयीवर उभ्या केलेल्या व्हर्च्युअल मशीनचे हे जणू आडनावच आहे. त्याच सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या कार्डावर ऐकले : हाक तिथेही होती आणि तिच्या कपाळावर व्हीलॅन ३० चा, म्हणजे नेटवर्कच्या ३० क्रमांकाच्या वेगळ्या विभागाचा, टिळा होता. मग डीएचसीपी सर्व्हरच्या कार्डावर ऐकले, आणि तिथे मात्र चिटपाखरू नव्हते. दोन्हींच्या मध्ये उरला तो एकच स्विच. नवा सर्व्हर ज्या पोर्टला जोडला होता, त्या पोर्टच्या परवानगीच्या यादीत १० होता, २० होता, आणि ३० नव्हता. ती यादी मीच, माझ्याच हाताने, दिवाळीच्या सुट्टीला निघण्याच्या घाईत भरली होती. सहकारी काही बोलला नाही, हे त्याच्या चांगल्या संस्कारांचे लक्षण.

तीस जोडला आणि मशीन पुन्हा सुरू केली. या वेळी पत्ता लगेच मिळाला आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या : फाइलचे नाव पीएक्सईलिनक्स.०, तिचा आकार, डाउनलोड चालू, आणि शेवटी 'एनबीपी फाइल डाउनलोडेड सक्सेसफुली'. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहून सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुढच्या क्षणी मशीन निमूटपणे बूटच्या मेनूवर येऊन बसले. मघाचे अपयश निदान अपयश म्हणून सांगितले गेले होते. हे यशाचा दाखला हातात ठेवून पाठमोरे झाले.

फाइल खरोखरच नीट पोहोचली होती. ती या मशीनसाठी नव्हती, एवढेच. जुन्या सर्व्हरवरच्या सात मशीन बायोस या जुन्या धाटणीच्या फर्मवेअरच्या साच्यातून काढलेल्या होत्या आणि या तीन यूईएफआय या नव्या धाटणीच्या साच्यातून. पीएक्सईलिनक्स.० ही बायोसची भाषा बोलणारी फाइल, त्यामुळे यूईएफआयने ती उतरवून घेतली, उलटून पाहिली आणि बाजूला ठेवली. गंमत म्हणजे मशीनने आपली जात पहिल्याच हाकेत सांगितली होती. डीएचसीपीच्या मागणीत ९३ क्रमांकाचा एक पर्याय असतो. तिथे शून्य असेल तर बायोस, सात असेल तर चौसष्ट बिटांचे यूईएफआय. मघाशी तासभर ऐकलेल्या हाकांमध्ये तो सात प्रत्येक वेळी दिसत होता आणि मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. आमचा डीएचसीपी मात्र, समोर कोण आहे हे न पाहता, येईल त्याच्या हातात तीच चिठ्ठी ठेवत होता. सात म्हणणाऱ्याला वेगळ्या फाइलचे नाव द्यायचे, असा नियम लिहायला चार ओळी पुरल्या. सिक्युअर बूट चालू असल्यामुळे ती फाइलही सही-शिक्क्याची हवी होती, म्हणून शिम नावाची सही असलेली छोटी फाइल दिली, जी पुढे ग्रबला, म्हणजे कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमला, बोलावते.

त्यानंतर कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत भरायचा फाइलींचा गठ्ठा) येऊ लागले, आणि आम्ही चहा मागवला, कारण आमच्याकडे हे सगळे अजून टीएफटीपीवरूनच येते. १९९२ च्या आरएफसी १३५० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातला हा रिवाज मूळ रूपात ५१२ बाइटचा एकेक तुकडा देतो आणि पोच मिळाल्याशिवाय पुढचा देत नाही. उसाच्या ट्रॉलीतून एक मोळी उतरवायची, तिची पावती घ्यायची, आणि मगच दुसऱ्या मोळीला हात घालायचा, अशा बेताने कारखाना चालवला तर गाळप कधी संपेल याची कल्पना आपल्याकडच्या माणसाला सहज येईल. मोठे तुकडे मागण्याची सोय पुढे १९९५ साली आली, आणि कर्नल एचटीटीपीने आणणारे आयपीएक्सईही आता आहे. ते बसवायचे आमच्या यादीत बरेच दिवस आहे. शिवाय टीएफटीपीची आणखी एक खोड अशी, की हाक ६९ क्रमांकाच्या दारावर द्यावी लागते आणि उत्तर मात्र भलत्याच दारातून येते. ही खोड न जाणणाऱ्या फायरवॉलने माझी पूर्वी एक अख्खी रात्र खाल्लेली आहे.

तिन्ही मशीन उभ्या राहिल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते. घरी पोहोचलो तर आई जेवायची थांबली होती. तिने ताट वाढता वाढता सांगितले, की आज पश्चिमेला ढग होते, किरणे चांदीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच गेली. "तुझं काय झालं रे, एवढा उशीर?" मी म्हटले, "आमचं आधी पितळी उंबऱ्यापाशी अडलं होतं, मग कटांजनापाशी." तिने मान डोलावली आणि आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला मी ही गोष्ट चहा पिताना सहज सांगितली होती. पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. नव्या मशीनचे काम त्याने एकट्याने अंगावर घेतले होते.

"सर, पत्ता मिळालाय, फाइल आलीय, कर्नलपण आलाय. चांदीच्या उंबऱ्याच्या आत आहे, कटांजनापाशी थांबलंय."

"मशीनला मेमरी किती दिलीस?" मी विचारले.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "एक जीबी," तो म्हणाला, "वाढवतो," आणि त्याने फोन ठेवला.