लाखोळी आणि चेतापेशी

जर्मनीतील एका विद्यापीठात मी जीवशास्त्र शिकवतो आणि स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएस या आजारात हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी का मरतात, यावर संशोधन करतो. गावाकडची मंडळी विचारतात, ‘सर, या आजारावर औषध निघाले का?’ याचे उत्तर मला झाडीपट्टीपासूनच सुरू करावे लागते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकातच लाखोळी हे कडधान्य फेकून पेरतात. बांधीत उरलेल्या ओलाव्यावर ती वाढते आणि पाणी नसले तरी तग धरते. म्हणूनच दुष्काळात दुसरे धान्य संपले की गरिबाच्या ताटात महिनोन्‌महिने तीच असे, आणि त्यातून काहींचे पाय कायमचे ताठरत. आमच्या गावातील एक वृद्ध शेतमजूर टाचा न टेकवता, गुडघे एकमेकांवर घासत, काठी रोवून चालायचे. बुद्धी आणि स्मरणशक्ती मात्र शाबूत होती. पाय ताठरवणारे लाखोळीतील विष १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे केले. मेंदूतील ग्लुटामेट या रसायनाची नक्कल करून ते चेतापेशींना मरेपर्यंत उत्तेजित करते. एएलएस या आजारातही ग्लुटामेटच्या अतिरेकाचा वाटा असावा, असे मानले जाते. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेले रिलुझोल हे एएलएसवरील औषध ग्लुटामेटचा स्राव कमी करते, पण त्याने आयुष्य काही महिन्यांनीच वाढते.

एएलएसच्या रुग्णाच्या त्वचेतील पेशींना मूळ पेशींचे रूप देऊन त्यांपासून आम्ही चेतापेशी वाढवतो. त्यासाठी कित्येक आठवडे लागतात, आणि दिवाळी असो वा रविवार, पेशींचे पोषक द्रव वेळेवर बदलावेच लागते. एरवी पेशीकेंद्रात राहणारे टीडीपी-४३ हे प्रथिन आजारी पेशीत बाहेर येऊन साचते, ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते.

इकडे येऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. येथील कायद्यानुसार संशोधकाला साधारणपणे पीएचडीपूर्वी ६ आणि नंतर ६ वर्षेच अशी मुदतीची नेमणूक मिळते. तेवढ्यात कायमची जागा मिळाली नाही, तर चांगल्या संशोधकालाही वाट बदलावी लागते. माझ्या बरोबरीच्या कित्येकांवर ती वेळ आली, याचे मला आजही वाईट वाटते.

लाखोळी खाणे थांबले की इजा सहसा वाढत नाही, एएलएस मात्र पुढे पुढे सरकत श्वासापर्यंत पोहोचतो. एका ठिकाणी पेशींचे मरण का थांबते आणि दुसऱ्या ठिकाणी का थांबत नाही, हेच माझे विद्यार्थी सध्या शोधत आहेत.