तुम्ही विचारलंत म्हणून : मोठा आरटीए घ्यावा का, आणि त्याची पारख कशी करायची?

"आठ-दहा मिलीचा मोठा रिबिल्डेबल टँक घेतला तर सारखं भरायची कटकट जाईल ना? आणि मोठे टँक गळतात म्हणतात, ते खरं का?" हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. आरटीए म्हणजे व्हेपचा असा रिबिल्डेबल टँक, ज्यात तापणारी वायरची कॉइल आणि तिला लिक्विड पुरवणारा कापूस आपण स्वतः बसवतो. म्हणून उत्तरही एकत्रच देतो. कटकट वाटते तितकी जात नाही. गळतीचा दोष बहुतेक वेळा टँकचा नसतो, कापसाचा असतो. आणि टँकची पारख किती मिली मावतं यावर करूच नये. ती डेक, म्हणजे कॉइल आणि कापूस बसवायचा आतला भाग, पाहून करावी.

पुढचं सगळं सिगारेट सोडण्यासाठी व्हेपिंगकडे वळलेल्या प्रौढ माणसांसाठी आहे. जिथे विक्रीला कायद्याची परवानगी नाही तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. जो सिगारेट ओढत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. निकोटीनची सवय लागते, आणि मोठा टँक ती कमी करत नाही.

आधी मिलीचा हिशोब. खोक्यावर लिहिलेला आकडा बहुधा फुगीर काच लावल्यावरचा असतो. सरळ काच लावली की तोच टँक बराच कमी भरतो. खरी क्षमता पाहायची असेल तर सुईविना सिरिंज घ्या, फ्लो कंट्रोल (कापसाकडची लिक्विडची वाट उघडणारी-मिटणारी झडप) बंद करा आणि पाणी भरत काठापर्यंत किती मावतं ते मोजा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खप. लिक्विडची वाफ करायला ऊर्जा लागते, त्यामुळे वॉट दुप्पट झाले की खपही साधारण दुप्पट होतो. तीस वॉटवर चालणारा एका कॉइलचा चार मिलीचा टँक आणि साठ वॉटवर चालणारा दोन कॉइलचा आठ मिलीचा टँक, दोन्ही जवळपास सारख्याच वेळात रिकामे होतात. भरायच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात, लिक्विड मात्र दुप्पट जातं. म्हणून फेऱ्या कमी करणं हाच हेतू असेल तर मोठ्या टँकमध्येही एकाच कॉइलचा डेक शोधा. दोन कॉइलचा मोठा टँक दाट, गरम वाफ हवी असणाऱ्यासाठी आहे.

आता गळतीकडे येऊ, कारण मोठ्या टँकचा खरा स्वभाव इथे कळतो. टँकमध्ये लिक्विड टिकतं ते पोकळीतल्या कमी दाबामुळे. कापूस लिक्विड ओढतो, आत दाब घटतो, मग कापसातून हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढंच लिक्विड बाहेर येतं. पाण्याचा उपडा जार जसा गुडगुड करत थोडं थोडं पाणी सोडतो, तेच इथे घडतं. वरचं झाकण नीट बसलं नाही, त्याची ओ-रिंग (रबरी कडी) चिरली किंवा काचेला बारीक तडा गेला, की वरून हवा येते, दाब सुटतो आणि सगळं लिक्विड खाली उतरतं. इथवर लहान-मोठ्या टँकमध्ये फरक नाही.

फरक पडतो तो अर्धा रिकामा झाल्यावर. मोठ्या टँकमध्ये लिक्विडच्या वर समजा सहा मिली हवा आहे. ती २० अंशांवरून ४० अंशांवर गेली, म्हणजे टँक उन्हात गाडीत राहिला, तर ती हवा सुमारे सात टक्के फुगते. म्हणजे ०.४ मिली लिक्विड खाली ढकललं जातं. एवढं कापसात मावत नाही, ते हवेच्या छिद्रातून बाहेर येतं. दोन मिलीच्या टँकमध्ये अर्ध्यावर एक मिली हवा असते; ती फुगून ०.०७ मिली ढकलेल, तेवढं कापूस सहज पिऊन टाकतो. विमानात तर केबिनचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीन चतुर्थांशावर येतो. तिथे सहा मिली हवेला आठ मिली जागा लागते. म्हणून प्रवासाला मोठा टँक रिकामा करूनच न्यावा. नुसता फ्लो कंट्रोल बंद करून भागतंच असं नाही. "काल काहीच नव्हतं, आज अचानक गळला" अशी तक्रार असते तेव्हा आधी विचारायचं ते हेच : टँक किती भरलेला होता आणि कुठे ठेवला होता?

डेककडे वळू. चांगल्या डेकमध्ये मी तीन गोष्टी पाहतो : वायर आत घालायची भोकं, स्क्रू आणि कापसाच्या खाचा. भोकं मोठी असावीत, निदान जाड क्लॅप्टन (बारीक तार गुंडाळलेली वायर) सहज जावी इतकी, आणि कड धारदार नसावी. धारदार कडेने वायर कापली जाते. स्क्रूचं डोकं खोल कोरलेलं हवं. उथळ खाच असलेला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) चार-सहा बांधण्यांत गुळगुळीत होतो, मग तो निघतही नाही आणि घट्टही बसत नाही. कापसाच्या खाचा रुंद असाव्यात, त्यांची भोकं टँकच्या अगदी तळाशी उघडावीत. भोकं उंचावर असतील तर तळातलं दीड-दोन मिली कापसापर्यंत पोहोचतच नाही. मोठ्या टँकमध्ये हा दोष सर्रास सापडतो आणि खोक्यावर तो कुठेही लिहिलेला नसतो.

चिमणी म्हणजे वाफ वर नेणारी नळी. तिच्याखालची घुमटी, म्हणजे कॉइलभोवतीची पोकळी, जितकी आटोपशीर तितकी चव दाट. प्रशस्त घुमटीत वाफ भरपूर येते पण चव पातळ होते. हवा तळातून येऊन थेट कॉइलखाली लागत असेल तर चव उत्तम, पण जास्त झालेलं लिक्विड त्याच छिद्रातून बाहेर पडतं. हवेची छिद्रं वरच्या बाजूला असतील तर बाहेर गळती जवळजवळ होत नाही, मात्र चूक झाली की घुमटीत लिक्विड साचून गुडगुड ऐकू येते. वरून हवा म्हणजे गळतच नाही, असा दावा कुणी केला तर एवढंच समजा की गळलेलं बाहेर दिसत नाही.

बांधणीचा एक नमुना देतो, यावरून स्वतःचं गणित जमवता येईल. २६ गेज जाडीची कांथल ए१ ही मिश्रधातूची वायर, ३ मिमी दांडीवर सहा वेढे. एका वेढ्याची लांबी सुमारे १०.७ मिमी, सहा वेढ्यांची ६४ मिमी, दोन्ही पाय धरून ७२ मिमीच्या आसपास. या वायरचा रोध मीटरला ११ ओहमपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून एक कॉइल ०.८ ओहमची. अशा दोन समांतर लावल्या की ०.४ ओहम. चाळीस ते पन्नास वॉटला ही जोडी छान चालते. तीच कॉइल निक्रोम ८० या दुसऱ्या मिश्रधातूची केली तर एक ०.६ आणि जोडी ०.३ च्या आसपास येईल. ती लवकर तापते. निकेल २०० आणि टायटॅनियम फक्त तापमान नियंत्रणासाठी, साध्या वॉट मोडमध्ये नाही.

कॉइलची दांडी काढण्याआधी तिची उंची ठरवा. कॉइलचा खालचा काठ हवेच्या छिद्रापासून साधारण २ मिमी वर असावा आणि वर घुमटीशी स्पष्ट अंतर राहावं. पायांची उरलेली टोकं स्क्रूला अगदी भिडून कापा. अर्धा मिलिमीटर टोक घुमटीला टेकलं की शॉर्ट. मग १५ वॉटला अगदी थोडा वेळ बटण दाबत सिरॅमिक चिमट्याने वेढे हलके चोळा. लाली मध्यापासून कडांकडे जायला हवी. एका टोकाला आधी लाल होत असेल तर त्या बाजूचा पाय सैल आहे किंवा वेढे दाटलेत. आणि ०.४ च्या जोडीला मॉड (ज्यावर टँक बसतो ते बॅटरीचं यंत्र) ०.८ दाखवत असेल तर डोकं खाजवू नका : एका कॉइलचा पाय लागलेलाच नाही.

सगळा खेळ कापसाचा आहे, म्हणून इथे घाई करू नका. पट्टीचं टोक पिळून कॉइलमधून ओढा. ओढताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे, कॉइल किंचित हलली पाहिजे, पण वाकडी होता कामा नये. न अडखळता सरकला तर कापूस कमी : लिक्विड तडतडून तोंडात उडेल. कॉइल सोबत ओढली गेली तर जास्त : कोरडा, जळका झुरका बसेल. आता दोन्ही शेपट्या आडव्या सरळ धरा आणि बेसच्या बाहेरच्या कडेला कापा. बहुतेक डेकना हे माप जमतं. टोकं तिरकी छाटा आणि चिमट्याच्या टोकाने शेपटीचे धागे विंचरून थोडे विरळ करा; मध्ये कॉइलमधला कापूस तसाच दाट राहू दे. मग शेपट्या खाचेत अलगद सोडा. टोक तळाला टेकलं पाहिजे, खाचेचं भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे, पण कापूस आत ठासलेला नको. चिमट्याने दाबून कोंबला की लिक्विडची वाटच बंद होते. भोकाचा कोपरा उघडा राहिला की तिथून सरळ गळतं. टँक मोठा असला की भोकंही मोठी असतात, त्यामुळे लहान टँकची सवय असलेला माणूस इथे कापूस कमी घालतो, आणि "हा टँक गळका" म्हणून मोकळा होतो.

लिक्विडही टँकला साजेसं हवं. मोठ्या भोकांच्या डेकला ७० टक्के व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) आणि ३० टक्के पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) हे मिश्रण जमतं. निम्मं-निम्मं पातळ असतं, ते लवकर उतरतं. निकोटीन ३ किंवा फार तर ६ मिग्रॅ प्रति मिली. लहान पॉडसाठीचं (कमी वॉटच्या छोट्या व्हेपसाठीचं) २० मिग्रॅचं निकोटीन सॉल्ट साठ वॉटच्या टँकमध्ये कधीही घालू नये. एका झुरक्यात वाफ कितीतरी जास्त येते, आणि मळमळ, चक्कर, धडधड सुरू होते. तेलात केलेला स्वाद तर कोणत्याच टँकमध्ये नको, कारण फुप्फुसात गेलेलं तेल तिथे घातक ठरतं.

भरताना क्रम महत्त्वाचा. आधी कापूस लिक्विडने पूर्ण भिजवा. फ्लो कंट्रोल आणि हवेची रिंग बंद करा, वरून भरा, वर थोडी हवा राहू द्या. झाकण फिरवताना आतली हवा दाबली जाते आणि ती लिक्विडला कापसातून ढकलते, म्हणूनच हे बंद करणं. झाकण लावल्यावर टँक क्षणभर उलटा धरा, फ्लो कंट्रोल उघडा, मग सरळ करा. ज्या टँकला फ्लो कंट्रोल नाही तो उलटा धरूनच झाकणाचा शेवटचा फेरा द्या. पहिल्यांदा भरल्यावर पाच मिनिटं थांबा आणि कमी वॉटवर सुरुवात करा.

तरीही गळला तर दोष कुणाचा, हे पाण्याने ठरवा. टँक धुऊन, फ्लो कंट्रोल बंद करून पाण्याने भरा आणि दोन तास टिश्यूवर ठेवा. पाणी लिक्विडपेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे ही परीक्षा कडक आहे. टिश्यू कोरडा राहिला तर टँक निर्दोष, कापूस पुन्हा घाला. ओला झाला तर काचेच्या वरची-खालची आणि बेसची ओ-रिंग काढून बोटांत फिरवून पाहा. चीर, सपाट झालेली बाजू किंवा अडकलेला कापसाचा धागा, यांपैकी काहीतरी सापडतंच. नवी रिंग कोरडी घालू नका, व्हीजीचा थेंब चोळा. कोरडी रिंग पीळ खाऊन बसते.

बॅटरीबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. दोन १८६५० आकाराच्या बॅटऱ्यांच्या मॉडवर ८० वॉट घेतले तर एकेका बॅटरीवर ४० वॉट पडतात. ती ३.२ व्होल्टवर उतरलेली असताना मॉडमधला दहा टक्के तोटा धरून सुमारे १४ अँपिअर ओढले जातात. म्हणजे निदान १५-२० अँपिअर सातत्याने देणारी, वेष्टन न फाटलेली जोडीच हवी. मेकॅनिकल मॉडवर, म्हणजे संरक्षक सर्किट नसलेल्या मॉडवर, हा टँक लावायचा विचार असेल तर आधी ५१० पिन (मॉडला जोडायच्या आट्यांच्या मधोमध असलेली पिन) बघा. ती बेसच्या आट्यांपेक्षा ठळकपणे बाहेर आलेली नसेल तर हायब्रिड मॉडवर (ज्यात बॅटरी थेट टँकला टेकते) बॅटरीचं धन टोक पिन आणि आटे दोन्हींना एकदम टेकतं, आणि बॅटरी थेट शॉर्ट होते. हा धोका जिवावरचा आहे. इथे तडजोड नाही.

नवा टँक आधी सुटा करून कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. आट्यांमध्ये यंत्राचं तेल असतं. चव मंदावली की कापूस बदला, कॉइल कोरडी मंद तापवून गार झाल्यावर ब्रशने साफ करा. गोड लिक्विडने कॉइल काळी पडायचा वेग फार वाढतो.

घेताना शेवटचं बघायचं ते रुंदी आणि सुटे भाग. २८-३० मिमीचा टँक २५ मिमीच्या मॉडवर बाहेर लोंबतो, आणि उंच टँकला धक्का लागला तर सगळा जोर ५१० च्या आट्यांवर येतो. फुगीर काच तर धडकतेच. म्हणून सोबत निदान एक जादा काच, ओ-रिंगचा पूर्ण संच आणि चार स्क्रू मिळत असतील, आणि ते पुढेही सुटे विकत मिळणार असतील, तरच तो टँक घ्या.