खिशातले प्राणी

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे मोजताना दहा रुपयांच्या जुन्या, केशरी-जांभळट नोटेची पाठ निरखण्याची सवड कोणाला असते? गेंडा, हत्ती आणि वाघ तेथे दाटीवाटीने बसलेले असतात आणि नोटेची घडी बहुधा हत्तीवरूनच गेलेली असते. देशाच्या वन्य प्राण्यांना आपल्या संस्कृतीत खरी जागा कोठे मिळाली, असे कोणी विचारले, तर मी राजमुद्रेआधी या मळक्या नोटेकडे बोट दाखवीन. कारण अशोकस्तंभाच्या सिंहांपुढे माणूस सावरून उभा राहतो, नोट मात्र तो थुंकी लावून मोजतो.

या चलनी प्राण्यांत वाघाची कथा सर्वांत रंजक आहे. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली, तेव्हा तिच्या मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरील सिंह आणि ताडाचे झाड आधाराला घेतले गेले; परंतु भारताची ओळख सिंहापेक्षा वाघच अधिक पटवतो, असे ठरून सिंहाच्या जागी वाघ आला. पहिली रेखाटने पाहून उपगव्हर्नर सर जेम्स टेलर नाराज झाले. तो वाघ त्यांना कुत्र्यासारखा दिसला आणि झाडाखालचा कुत्रा पाहून टवाळ लोक हसतील, अशी धास्ती त्यांना वाटली. (ही धास्ती वाचल्यावर साहेबांनी काही काळ पुण्यात काढला असावा, अशी मला उगीचच शंका येते.) पुढे राष्ट्रीय प्राण्याचा मानही सिंहाकडून वाघाकडेच आला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. अर्थकारणाने जे आधीच ओळखले होते, ते राजकारणाला कळायला जवळजवळ चार दशके लागली.

गेंडा चार आण्यांच्या नाण्यावरही होता. काझीरंगा केवळ भूगोलाच्या पुस्तकात भेटलेल्या सदाशिव पेठेतल्या कितीतरी मुलांनी गेंड्याचे जाड चिलखत त्या इवल्याशा पोलादी चकतीवर बोट फिरवून अनुभवले असेल. ३० जून २०११ रोजी ती पावली चलनातून गेली. आता ती दिसलीच तर जुन्या बाजारात पथारीवर. नव्या दहाच्या नोटेवर कोणार्कचे चाक आहे, वीसच्या नोटेवर वेरूळ. वास्तू देखण्या आहेत, तक्रार नाही. पण त्या आधीच जपलेल्या आहेत, आणि मंडईतही हल्ली चौकोनी ठिपक्यांवर मोबाईल धरला की व्यवहार संपतो.

माझी शिफारस मात्र शेकरूसाठी आहे. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी पुणे जिल्ह्यातच, भीमाशंकरच्या झाडांवर राहतो, तरी वाघाइतका तो आपल्या बोलण्यात येत नाही. अडचण एवढीच की, त्याची शेपटी अंगापेक्षा लांब असते. तिच्यासाठी नोट दोन्ही बाजूंनी छापावी लागेल.