टीडीएस ३५, तरी कॉलिफॉर्म

अंधेरी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात बऱ्याच जणांची पोटं बिघडली, म्हणून आमच्या लॅबला पाण्याचे नमुने घ्यायला बोलावलं होतं. अ‍ॅडमिनचे साहेब टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवणारं यंत्र, घेऊनच उभे. "मॅडम, हे बघा. बाहेरून भरून येतो त्या कॅम्परचं थंड पाणी ३५, सीलबंद जारचं ९०, आणि मीटिंगला मागवतो ती महागडी मिनरलची बाटली चक्क २४०! बाटल्याच बंद करू ना?"

आकडे बरोबर होते, अर्थ चुकत होता. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला कळत नाहीत. नॅचरल मिनरल वॉटर उगमापाशीच भरतात, त्याला क्षार गाळून काढणारा आरओ लावत नाहीत, त्यामुळे क्षार असणारच. लिटरला १५० ते ७०० मिलिग्रॅम चालतात. जारमधलं पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर म्हणजे बोअरचं किंवा नळाचं पाणी, बहुतेक वेळा आरओतून काढून, जंतू मारायला ओझोन देऊन भरलेलं. तिथे मर्यादा ५००. लेबलवरचा भारतीय मानकाचा क्रमांक मिनरलला आयएस १३४२८, जारला आयएस १४५४३. आयएसआय चिन्हाची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उठली, तेव्हा हा क्रमांक नसलेला मालही भेटू शकतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक मात्र हवाच.

कॅम्परवर यातलं काहीच नव्हतं. सील नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. थंड असलं तरी ते सुटं पाणी. झाकणाची रबरी रिंग उचलली, तर खाचेत बुळबुळीत थर. तोटीच्या आत कापूस फिरवला, तो पिवळट होऊन आला. पाणी भरणाऱ्या प्लांटच्या कार्बन फिल्टरमध्ये क्लोरीन निघून जातं, दिलेला ओझोनही लवकर विरतो. मग नीट न धुतलेल्या कॅम्परमध्ये जंतूंना अडवणारं काही उरतच नाही.

तोट्या ७० टक्के अल्कोहोलने पुसल्या, थोडं पाणी सोडून दिलं आणि निर्जंतुक बाटल्या भरल्या. पेंट्रीतल्या महापालिकेच्या नळासाठी बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं. ते नसेल तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. बाटल्या बर्फाच्या पेटीतून लॅबमध्ये नेल्या.

पॅकबंद पाण्याच्या २५० मिलीत एकही कॉलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानला जाणारा जिवाणू, चालत नाही. कॅम्परमध्ये निघाले. मिनरलची बाटली, जार आणि नळ स्वच्छ. पण त्याच जारचं पाणी डिस्पेन्सरच्या तोटीतून घेतलं, तर त्यात एकूण जिवाणूंची संख्या बरीच चढलेली. मला हे जास्त खटकलं, कारण जारवर खर्च करणारे लोकही डिस्पेन्सर कधी उघडत नाहीत.

कॅम्पर त्याच दिवशी बंद करायला लावला. डिस्पेन्सरसाठी पेंट्रीतल्या दादांना रीत लिहून दिली: प्लग काढा, टाकी रिकामी करा, १० लिटर पाण्यात ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १२ मिली घाला, ते टाकीत भरून दोन्ही तोट्यांतून थोडं सोडून १५ मिनिटं ठेवा. मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. गरम पाण्याचं बटण त्यानंतरच लावायचं. जारचं तोंड उलटं करण्याआधी पुसायचं, हेही सांगितलं. टेम्पोतली धूळ तिथूनच आत जाते.