ऑप्टिप्लेक्स ७५५: क्यू६६०० आता ३ गिगाहर्ट्झवर

मंडळी, डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७५५ मिनीटॉवरचं काम बरंच पुढे सरकलंय. त्यातला इंटेलचा चार कोअरचा प्रोसेसर, कोअर २ क्वाड क्यू६६००, आता २.४ ऐवजी ३ गिगाहर्ट्झवर ठाम चालतोय, तोही मूळ बोर्ड आणि मूळ बायोस ठेवून.

या बायोसमध्ये एफएसबी (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातली बस, म्हणजे डेटाचा रस्ता), मल्टिप्लायर (बसच्या वेगाला ज्यानं गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो तो आकडा), व्होल्टेज यातलं काहीच बदलता येत नाही. म्हणून ब्रँडेड मशीन ओव्हरक्लॉक होतच नाही, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही, असं सर्रास समजलं जातं. पण सॉकेट ७७५ च्या (या प्रोसेसरच्या खाचेच्या) काळात आपल्याला कोणती बस हवी ते प्रोसेसरच बोर्डाला सांगायचा. त्यासाठी त्याच्या पोटाशी बीएसईएलचे (बसचा वेग निवडणारे) तीन पॅड असतात. तिन्ही 'लो' असले की बोर्ड २६६ मेगाहर्ट्झ देतो, म्हणजे (एका ठोक्याला चारदा डेटा जात असल्यानं) १०६६ ची बस. त्यातला जी३० हा एकच पॅड टेपनं झाकला की तो 'हाय' होतो आणि बोर्ड ३३३ देतो. क्यू६६०० चा मल्टिप्लायर ९, त्यामुळे सरळ ३ गिगाहर्ट्झ. क्यू३५ चिपसेट १३३३ ची बस अधिकृतपणेच चालवतो, बोर्डावर काही जुलूम होत नाही. जुन्या ऑप्टिप्लेक्स ७४५ वाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, त्यातला क्यू९६५ चिपसेट १०६६ लाच थांबतो.

सॉफ्टवेअरनं बस वाढवण्यापेक्षा मला हा मार्ग कितीतरी जास्त पटतो. सॉफ्टवेअरनं वाढवली की रॅमही सोबत ओढली जाते. इथे बोर्डाच्या लेखी मुळातच १३३३ चा प्रोसेसर बसवलाय, त्यामुळे डीडीआर२ रॅम आपली ८०० वरच राहते. शिवाय क्यू६६०० म्हणजे एकाच पॅकेजमध्ये शेजारी बसवलेले दोन ड्युअल कोअर. एकाचा डेटा दुसऱ्याकडे जायचा तर एफएसबीवरूनच जातो. त्यामुळे बस २५ टक्के वाढली की नुसता घड्याळाचा वेग नाही, दोघांमधला रस्ताही रुंद होतो. चारही कोअर कामाला लागतात तेव्हा, व्हिडिओ एन्कोड करताना, हे मला स्पष्ट जाणवलं.

टेप कॅप्टॉनचीच (उष्णता सोसणारी पिवळसर टेप) घ्या, ती उष्णतेनं चिकट होऊन पसरत नाही. तुकडा जेमतेम एक मिलिमीटरचा लागतो, भिंगाशिवाय बसवू नका. शेजारच्या जी२९ वर सरकला तर बोर्डाला भलताच कोड मिळतो आणि मशीन सुरूच होत नाही. टेप काढली की सगळं पूर्ववत.

खरी अडचण उष्णतेची. व्होल्टेज आपल्या हातात नाही, प्रोसेसरच्या व्हीआयडीनुसार (तो स्वतः मागतो त्या व्होल्टेजनुसार) बोर्ड जे देईल तेच. म्हणून प्रोसेसर निवडून घेणं हाच या खेळातला निम्मा भाग आहे. क्यू६६०० च्या आवृत्त्यांपैकी १०५ वॉटच्या बी३ पेक्षा ९५ वॉटचा जी० घ्यावा, झाकणावर एसएलएसीआर लिहिलेलं असतं. मी अकोल्यात राहतो, मे महिन्यात दुपारी खोलीच ३८ अंशांवर असते. त्यात एमप्राइम (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) लावल्यावर माझा जी० ८० अंशांच्या आसपास स्थिरावला. पेस्ट नवीन होती आणि हीटसिंकच्या पात्यांतली धूळ ब्लोअरनं पूर्ण काढली होती. ही केस बीटीएक्स (नेहमीच्या एटीएक्सपेक्षा वेगळ्या मांडणीची) आहे, बाजारातले नेहमीचे कूलर बसत नाहीत, त्यामुळे डेलचा हीटसिंक आणि पुढचा मोठा पंखा नीट सांभाळा.

बाकी बदल थोडक्यात. एसएसडी टाकलाय, साटा ३ जीबीपीएसचा असला तरी फरक जमीन-अस्मानाचा. ग्राफिक्ससाठी जीटीएक्स ७५० टीआय, ६० वॉटचं कार्ड. वेगळी पॉवर केबल न लागणारं निवडलं, मूळ ३०५ वॉटच्या पॉवर सप्लायवर निवांत चालतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणारी पॉपसीएनटी सूचना या प्रोसेसरमध्ये नाही, म्हणून लिनक्स मिंट घातलंय.

आता रॅम ८ जीबीवर न्यायची आहे, २ जीबीच्या चार स्टिक शोधतोय. तुम्हीही शोधत असाल तर 'एएमडी ओन्ली' लिहिलेल्या स्वस्त डीडीआर२ स्टिक घेऊ नका, इंटेलच्या या चिपसेटवर त्या चालत नाहीत.